कमुरत्यात लेबलं बदलताना: दांडिया बाजारातल्या एका मसाल्याच्या दुकानाचं प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत काकूंचं दुकान आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची, चकलीची आणि उपासाची भाजणी, सांडगे, कुरडया, दिवाळीत फराळ. माल काकू करतात. गल्ला, फोन आणि व्हॉट्सॲप त्यांची सून, म्हणजे आमच्या वहिनी, सांभाळतात. माझं काम छोट्या दुकानांची लेबलं, पत्रकं, पाट्या करून देण्याचं. नाव न घालता हे सगळं लिहायला दोघींनी होकार दिला म्हणून सविस्तर लिहितो आहे. बडोद्यात असे बरेच मराठी गृहउद्योग आहेत आणि अडचणी जवळपास सारख्याच असतात.

दुकानाचं वर्ष असं चालतं. श्रावणात उपासाची भाजणी, मग गणपती, नवरात्र, आणि दिवाळीला ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. देवदिवाळी झाली की एकदम सामसूम. डिसेंबरच्या मध्याला कमुरता लागतो. आपण ज्याला धनुर्मास म्हणतो तोच. इथे उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, लग्नकार्य होत नाही, त्यामुळे रुखवताच्या ऑर्डरीही थांबतात. धंदा पुन्हा उठतो तो होळीनंतर. बडोद्यात मार्चपासून मोकळ्या मैदानांवर मंडप टाकून मिरची, हळद, धणे-जिरे विकायला बसतात आणि घरोघरी वर्षाचा मसाला भरला जातो. म्हणजे हातात जवळजवळ तीन महिने असतात.

2024 च्या डिसेंबरात काकूंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अरे, एक चांगलं चकचकीत पत्रक काढून दे. पाच हजार. पेपरात घालून वाटू." शहराच्या नव्या भागात मसाल्यांची झकपक दुकानं निघाली होती, त्यांचे रंगीत पाऊच त्यांनी कुठेतरी पाहिले होते आणि ते मनाला लागलं होतं.

मी आठ दिवस मागितले. त्यांना ते आवडलं नाही.

टेबलावर काय निघालं

पहिल्या दिवशी एकच केलं. दुकानाचं नाव छापलेलं जे जे घरात होतं ते सगळं जेवणाच्या टेबलावर मांडायला सांगितलं. तीन निरनिराळ्या काळातली लेबलं निघाली, तिन्हींवर नावाचं अक्षर वेगळं. जुन्या पत्रकावर सहा आकडी फोन नंबर होता. बडोद्याच्या नंबरांना पुढे 2 लागून ते सात आकडी झाले त्याला किती वर्षं झाली ते बडोदेकरांना सांगायला नको. व्हिजिटिंग कार्डावर मुलाचा मोबाइल. मुलगा नोकरीला पुण्याला, त्यामुळे ऑर्डरीचा फोन पुण्यात वाजायचा आणि तो तिथून वहिनींना कळवायचा. एका लेबलावर "वजन : 200 ग्रॅम अंदाजे" असं होतं. पाकीटबंद मालावर निव्वळ वजनासोबत "अंदाजे" हा शब्द चालत नाही, हे दोघींना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग बाहेर जाऊन फ्लेक्स पाहिला. तो पश्चिमेकडे तोंड करून चार उन्हाळे तापलेला. उन्हात छपाईतला पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. काकूंची खूण म्हणजे कुंकवाच्या लाल रंगातली तुळशीवृंदावनाची आकृती. फ्लेक्सवर ती फिकट जांभळी झाली होती. रोज त्याखालून जाणाऱ्यांना हा बदल दिसत नाही, कारण तो रोज थोडाथोडा होतो. मी जुनं लेबल हातात धरून काकूंना रस्त्यावर उभं केलं आणि दोन्ही रंग शेजारी दाखवले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पत्रकाचा आग्रह तिथेच थोडा सैल झाला असं मला वाटतं.

गूगलवर वेळ "रोज 9 ते 9" अशी होती. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं आणि सोमवारी उघडतच नाही. दुपारी येऊन कुलूप बघून परत गेलेली माणसं कुणी मोजली नाहीत, पण वेळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली आणि पैसा एक नाही. नकाशावरची खूणही मागच्या गल्लीत होती, तीही त्याच बैठकीत सरकवली.

वहिनींची वही

आठ दिवसांतलं खरं काम वहिनींनी केलं. फोनशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली. गिऱ्हाईक जे विचारेल ते, ज्या शब्दांत विचारेल त्याच शब्दांत लिहायचं, एवढंच सांगितलं होतं. सुधारून नाही, मराठीत भाषांतर करून नाही. गिऱ्हाईक कमी होतं म्हणूनच हे जमलं; दिवाळीच्या गर्दीत कुणाला लिहायला फुरसत मिळाली नसती. मंदीच्या दिवसांत माणूस एखादं वाक्य बोलून थांबतो, रेंगाळतो, आणि तुम्हालाही ऐकायला वेळ असतो.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "आ शेमां नखाय?" हे कशात घालायचं? गोडा मसाला, मेतकूट, दोन्हींसाठी. काकूंना हे नवल वाटलं, कारण त्यांच्या मनातलं गिऱ्हाईक अजून वाड्यातल्या शेजारणींचंच होतं. प्रत्यक्षात दुकानात येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक गुजराती होते.

आणि एक नोंद अशी. एका गुजराती बेनने चकलीच्या भाजणीचं पाकीट हातात घेतलं, लेबलावरचं गुजराती वाचलं आणि विचारलं, "आ चकलीनुं चण छे?" गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. आपल्या चकलीला गुजराती माणूस चकरी म्हणतो. कुणा डीटीपीवाल्याने वर्षांपूर्वी मराठी शब्द तसाच गुजराती लिपीत उतरवून दिला आणि तेव्हापासून धान्याचं ते पीठ लेबलावर चिमण्यांचं खाणं म्हणून वाचलं जात होतं. बेन साधेपणाने विचारत होत्या. काकूंना मात्र फार लागलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?" लोक बोलत नाहीत. पाकीट खाली ठेवतात आणि शेजारचं उचलतात.

मग आम्ही एकेक नाव घेऊन बसलो. या बैठकीवर मी जरा जास्त लिहितो, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे होतं.

"गोडा" हा शब्द गुजरातीत नाही. गोडाला ते गळ्युं म्हणतात. आणि गुजराती लिपीत "गोडा मसाला" झरझर वाचला तर डोळ्याला "घोडा" दिसतो. मी आमच्या प्रेसमधल्या दोन मुलांना वाचायला देऊन खात्री केली. नाव बदलायला काकू तयार नव्हत्या आणि मीही त्यांच्याच बाजूचा होतो. गोडा मसाला हे नाव खोडलं तर दुकानात उरलं काय? उपाय दुसराच निघाला. नाव मोठ्या देवनागरी अक्षरात जसंच्या तसं, आणि खाली गुजरातीत लहान ओळ : "मराठी दाळ-शाकनो मसालो". त्याखाली वापर : चार जणांच्या आमटीला एक चमचा, सोबत चिंच-गूळ. गुजराती घरात दाळीत गूळ आणि आंबट असतंच, त्यामुळे ही ओळ वाचल्यावर समोरच्याला पुढे काही सांगावं लागत नाही. चकलीच्या भाजणीखाली गुजरातीत "चकरीनो लोट". मेतकुटाला "गरम भात अने घी साथे".

मराठी गिऱ्हाइकांचाही विचार करावा लागला. बडोद्यातली तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते, पण शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वाचताना डोळा गुजरातीवर सहज चालतो. वहिनी स्वतः तशाच. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "नाव मराठीत पाहिजे, ते बघून आजीचं घर आठवतं. पण खालचं बारीक मी गुजरातीतच वाचणार." शेवटी ठरलं ते असं : नाव मराठीत, वापर गुजरातीत, कायद्याचा मजकूर इंग्रजीत.

वहीतली आणखी एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. डिसेंबर-जानेवारीत परदेशी राहणारे गुजराती घरी येतात. "लंडन लई जवानुं छे, पॅक करी आपशो?" असं त्या आठ दिवसांत नऊ जणांनी विचारलं. आम्ही ज्याला मंदीचा महिना म्हणत होतो त्यात हे गिऱ्हाईक दरवर्षी दारात येत होतं आणि साध्या पिशवीला रबर लावून जात होतं. नवी लेबलं यायला महिना होता. म्हणून त्याच संध्याकाळी वहिनींनी पाकीट सील करायचं यंत्र वरच्या माळ्यावरून काढलं आणि घटक पदार्थ इंग्रजीत हाताने लिहून चिकटवायला सुरुवात केली. अक्षर त्यांचं फार सुरेख आहे. त्यातली काही पाकिटं मला छापील लेबलांपेक्षा जास्त आवडली.

लेबलावर काय असायलाच हवं

यात फार रमण्यासारखं काही नाही, पण चुकलं तर दंड आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक आणि चिन्ह, शाकाहाराची हिरवी खूण, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच, तक्रारीसाठी फोन. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो, तो वेगळा सांगावा लागतो. लहान पाकिटावर हिरव्या खुणेतला ठिपका किमान 3 मिलिमीटर व्यासाचा लागतो. जुन्या लेबलावर तो डाळीच्या कणाएवढा होता.

एकक किंमत हा प्रकार दोघींना नवीन होता. एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमला किती पडतं तेही छापायचं. 200 ग्रॅमचं पाकीट 160 रुपयांना, म्हणजे 0.80 रुपये प्रति ग्रॅम. वहिनींनी सगळ्या मालाचे हे आकडे एका दुपारी काढले आणि त्यात एक चूक हाताला लागली : मेतकुटाचं मोठं पाकीट लहानापेक्षा ग्रॅममागे महाग पडत होतं. किंमत वाढवताना एकाची वाढली, दुसऱ्याची राहून गेली होती.

तेहेतीस प्रकारांपैकी सात काकू आता करतच नव्हत्या. गुडघ्यांमुळे काही, घेणारे उरले नाहीत म्हणून काही. ती नावं यादीतून काढताना त्यांना जड गेलं. पोह्याच्या मिरगुंडांवर तर बराच वेळ अडलो होतो. पण व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये दिसतं आणि मागितल्यावर "नाही हो" ऐकावं लागतं, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. सव्वीस राहिले.

फोटो, छपाई आणि माझी चूक

फोटो फोनवरच काढले. सकाळी दहाच्या सुमाराला उत्तरेच्या खिडकीत, फ्लॅश बंद, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून. गोडा मसाला रंगाने काळपट, तो लाकडी पाटावर ठेवला तर माती दिसते. देवघरातल्या पांढऱ्या संगमरवरी पाटावर पितळी वाटीत ठेवला तेव्हा त्यातला दगडफुलाचा करडा आणि खोबऱ्याचा तांबूस कण वेगळा दिसायला लागला. मेतकूट मऊ भातावर, वर तुपाची धार. भात निवेपर्यंत चार मिनिटं मिळतात. वाफ गेली की फोटोही गेला. तीनदा भात लावला.

फराळाचे फोटो मात्र राहिले. जानेवारीत ताजा फराळ कुठून आणणार? मंदीत अक्षर, मजकूर, हिशेब सगळं सुधारता येतं, पण हंगामाचा फोटो हंगामातच निघतो. ते काम पुढच्या ऑक्टोबरच्या यादीत टाकलं.

छपाईची वेळ ठरवताना प्रेसची मंदी बघावी लागते. डिसेंबरअखेरपर्यंत प्रेस कॅलेंडर-डायऱ्यांत बुडालेले. उत्तरायणाचे दोन दिवस कामगार गच्चीवर, नंतर कंकोत्र्यांची, म्हणजे लग्नपत्रिकांची, घाई. छोट्या कामाकडे कुणी नीट लक्ष देईल असा काळ म्हणजे 2 ते 12 जानेवारी. आम्ही तोच धरला.

लेबल पावणेतीन बाय चार इंचाचं ठेवलं, म्हणजे 12×18 च्या शीटवर सोळा बसतात. ऑफसेट केलं असतं तर दर कमी पडला असता, पण प्रत्येक प्रकाराची हजारो लेबलं घ्यावी लागली असती, आणि खोबऱ्याचे भाव चढत असताना किंमत छापलेला गठ्ठा घरात ठेवणं धोक्याचं. म्हणून डिजिटल, लागतील तेवढीच शीट्स. कुंकवाचा लाल जुळवायला तीन प्रूफ काढले. स्क्रीनवर दिसतो तो लाल कागदावर केशरी उतरतो, शेवटी मॅजेंटा आणि पिवळा पूर्ण ठेवून थोडा काळा घातला तेव्हा काकू म्हणाल्या, "हां, हा आपला."

आता चूक. मसाल्याचं तेल सुटून जुनी लेबलं डागळायची, म्हणून मी सगळ्या लेबलांना ग्लॉस लॅमिनेशन सांगितलं. पहिली पंचवीस शीट्स, चारशे लेबलं, तयार होऊन आली. वहिनींनी महिना-वर्षाचा शिक्का मारला, छान उठला. संध्याकाळी पाकीट हातात घेतलं तर बोटाबरोबर तारीख पुसली गेली. प्लास्टिकच्या थरावर शिक्क्याची शाई वाळतच नाही. मी इतकी वर्षं हे काम करतो, मला हे आधी सुचायला हवं होतं. तारखेविना पाकीट विकता येत नाही. उपाय म्हणून बिनलॅमिनेशनच्या क्रोमो कागदाची इंचभर पट्टी केली. बॅच, महिना-वर्ष आणि किंमत तिच्यावर शिक्क्याने मारायची आणि लेबलाच्या मोकळ्या चौकटीत चिकटवायची. चारशे लेबलं वाचली. पट्टीचा खर्च मी घेतला. पुढे लक्षात आलं की किंमत पट्टीवर गेल्यामुळे भाव बदलला तरी लेबल तेच राहतं. तरीही कुणी लेबल करत असेल तर त्याने आधी एका नमुन्यावर शिक्का मारून, तेलाचं बोट फिरवून बघावं, मगच छापायला सांगावं.

पत्रकाचं काय झालं

काकूंचं पत्रक निघालं, पण पाच हजार नाही, हजार, आणि पेपरात घातलं नाही. ए-5 आकाराच्या कागदावर एका बाजूला सहा पदार्थ कशात, किती आणि कधी घालायचे ते मराठी-गुजरातीत. भाव नाहीत. प्रत्येक पिशवीत एक टाकायचं. ज्याने माल घेतला आहे त्याच्या स्वयंपाकघरात तो कागद टिकतो. वर्तमानपत्रातून पडलेला कागद दुपारपर्यंत रद्दीत जातो, हे माझं मत आहे आणि मी ते काकूंना तसंच सांगितलं.

त्या कागदाच्या तळाशी वहिनींचा नंबर आणि शेजारी "हा नंबर सेव्ह करा" अशी ओळ. याला कारण होतं. मुलगा दोन वर्षं व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून सणाचे मेसेज पाठवत होता. एका यादीत 256 नंबर बसतात, यादी भरलेली होती, पण ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर साठवलेला असतो. बहुतेकांनी तो साठवलाच नव्हता. मेसेज हवेत जात होते आणि घरी वाटायचं की लोकांना रस नाही. आता वहिनी गल्ल्यावर पैसे घेतानाच सांगतात, "बेन, नंबर सेव करी लो, ताजो माल आवे एटले कहीश."

2025 च्या होळीआधी सव्वीसच्या सव्वीस लेबलं पाकिटांवर होती. विक्री वाढली का, असं मला विचारतात. मार्चनंतर मसाल्याचा हंगामच असतो, त्यामुळे वाढलेल्या विक्रीतली किती लेबलांमुळे हे मी सांगणार नाही. वही मात्र चालू आहे आणि तिच्यात फरक दिसतो. "आ शेमां नखाय?" फेब्रुवारीनंतर क्वचित येतं. त्याऐवजी नवा प्रश्न आला : "नानुं पॅकेट छे? पहेलां चाखी जोईए." म्हणजे नाव समजलं, आता चव घ्यायची आहे. काकूंनी गोड्या मसाल्याचं 50 ग्रॅमचं पाकीट काढलं. त्याचं लेबल चार इंची ठेवता येत नाही, मजकूर तोच आणि जागा अर्धी. त्या कामात मी अजून आहे.

फ्लेक्स उतरवला. त्यामागे 1993 ची पत्र्याची रंगवलेली पाटी तशीच होती, वृंदावन लालच्या लाल. ती काढू द्यायला काकू तयार नाहीत, आणि मीही सुचवणार नाही. पेंटरकडून फक्त नंबर बदलून घेतला.

एक नाव अजून सुटलेलं नाही. कुरडईला गुजरातीत काय म्हणायचं हे आम्हा तिघांनाही ठरवता आलं नाही. एप्रिलमध्ये गव्हाचा चीक शिजला तेव्हा फोटो काढले, एक वाळलेल्या कुरडईचा, एक तळलेल्या. दोन्ही शेजारी मांडले तर तळलेली लेबलाच्या कडेबाहेर जात होती. मी ती लहान करायला लागलो तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे रे तशीच. तेलात टाकल्यावर फुलते एवढी, दिसू दे त्यांना."